खाऱ्या हवेतली गाडी: घरी काय, गॅरेजात काय
किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो. तो घरीच काढा. इंजिन बंद करून १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह वायर सोडा, मग पॉझिटिव्ह. उलट केलंत तर पाना बॉडीला टेकताच शॉर्ट होतो. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्रशने घासा, सुकवा, आधी पॉझिटिव्ह जोडा, वर व्हॅसलीन लावा. इंजिन चालू असताना बॅटरीला लावलेल्या मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र) १४ व्होल्टच्या आसपास हवेत. १३ च्या खाली राहिले तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) मेकॅनिकला दाखवा.

ब्रेकला मात्र स्वतः अजिबात हात लावू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू घसरतो आणि आंबा घाट उतरताना ब्रेक तापले की ते उकळून पेडल खाली बसू शकतं. दर २ वर्षांनी ते बदलून, ब्लीडिंगसह (नळ्यांतली हवा काढणं) काम गॅरेजात करून घ्या.