बाईकवर टूरचं सामान कसं बांधावं (बंजी घरीच ठेवा)

रविवारी सकाळी सहाला इंदूरच्या राऊ सर्कलवर जरा वेळ उभे राहा. जाम गेटला, मांडूला निघालेल्या बाईक एकामागून एक जाताना दिसतील. बॅग महागाची, वॉटरप्रूफ, आणि तिला धरून ठेवायला फुलीसारख्या टाकलेल्या दोन बंजी, म्हणजे टोकाला हुक असलेल्या ताणणाऱ्या रबरी दोऱ्या. गॅसची टाकी गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची असेल तर ठीक आहे. कुठली बॅग घ्यावी यावर सल्ले पोत्यानं मिळतात. ती बांधायची कशी, यावर "दोन बंजी मारा, झालं" एवढंच. नाही होत. सेंधवा, धुळे करत पुण्यापर्यंतचे साधारण सहाशे किलोमीटर मी किती वेळा केले ते आता मोजत नाही, आणि वाटेत दुसऱ्यांच्या सांडलेल्या बॅगा उचलून दिल्यात त्याही मोजत नाही.

हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट हे तुमच्याकडे आहे असं धरतो. नसेल तर बॅगेचे पैसे आधी तिकडे घाला.

काय घ्यायचं

दोन सॅडलबॅग (मागे दोन्ही बाजूंना लटकतात त्या), एक टेल बॅग (मागच्या सीटवर बसते ती), आणि एक इंच रुंदीचे, कॅम बकलवाले चार पट्टे, प्रत्येकी दीड ते दोन मीटरचे. कॅम बकल म्हणजे पट्टा ओढला की दातऱ्यात अडकतो आणि अंगठ्यानं दाबला की सुटतो, ते. ट्रकवाले वापरतात तो रॅचेट नको. त्याला जोर इतका असतो की बॅग चेपते आणि ग्रॅब रेल (मागे बसणारा धरतो तो दांडा) वाकते, तरी हाताला कळत नाही. पेट्रोलच्या टाकीवर ठेवायची टँक बॅग चुंबकाची घेणार असाल तर तुमची टाकी पत्र्याची आहे की वर प्लास्टिकचं कव्हर आहे, ते दुकानात जाण्याआधी बघा.

रेनकव्हरवर विश्वास ठेवू नका. ऐंशीच्या स्पीडला त्याचा फुगा होतो आणि कुठल्यातरी शेतात जाऊन पडतो. कपडे आतूनच जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड पिळून दुमडा, रबर लावा. माळव्यातला जुलैचा पाऊसही आत शिरत नाही.

वजन

जड सामान सॅडलबॅगांत, तळाशी आणि पुढच्या बाजूला. हलकं आणि फुगीर सामान टेल बॅगेत. दोन्ही सॅडलबॅगा सारख्या वजनाच्या हव्यात. आमच्या कॉलनीत येणारा दूधवाला एका बाजूची कॅन अर्धी झाली की थांबून दुसऱ्या बाजूचं दूध तिच्यात ओततो. त्याला हे कुणी शिकवलं नाही, हँडलनंच शिकवलं. तुम्ही घरातला वजनकाटा वापरा.

टेल बॅग मागच्या सीटवर ठेवा, मागे लोंबणाऱ्या कॅरियरवर नको. मागच्या चाकाच्या आसापलीकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि स्पीडला हँडल डुलायला लागतं.

बांधणं

आता इथे सावकाश वाचा. मी इथेच आपटलो होतो.

काही वर्षांपूर्वी ओंकारेश्वरला निघालो होतो, खंडवा रोडनं. टेल बॅगेवर दोन बंजी. सिमरोळच्या स्पीडब्रेकरनंतर स्कूटरवाला एक पोरगा शेजारी येऊन ओरडला, "भिया, झोला लटक रिया है!" मला वाटलं रेनकव्हरची दोरी असेल. हात केला आणि पुढे गेलो. भेरूघाटात एका वळणावर, स्पीड जेमतेम तीस, मागून लोखंडी जाळीवर काठी फिरवल्यासारखा आवाज आला आणि मागचं चाक जागीच धरलं. गाडी घसरत कडेच्या मुरमात गेली. पडलो नाही ते नशीब, कारण मागे ट्रक होता. बॅग चेनच्या बाजूला कलंडली होती आणि तिचा खांद्याचा पट्टा, जो मी काढायचा आळस केला होता, मागच्या स्प्रॉकेटनं, म्हणजे चेन फिरते त्या दातेरी चक्रानं, पूर्ण गिळला होता. सीताफळं विकणाऱ्या बाईंकडून सुरी मागून घेतली आणि दीड तास चेनमधून नायलॉनचे काळे, ग्रीसमध्ये मळलेले धागे एकेक करून उपटत बसलो.

चूक कुठे होती? बंजी ताणते, तेच तिचं काम. खड्ड्यात बॅग उसळली की बंजी तिला उसळू देते, आणि प्रत्येक उसळीला बॅग अर्धा सेंटीमीटर सरकते. शिवाय तो हुक. ताणलेला असताना सुटला तर डोळ्यावर येतो. वरून जॅकेट किंवा पाण्याची बाटली अडकवायला बंजीची जाळी जरूर ठेवा. वजन तिच्या भरवशावर नको.

पट्टा कुठे अडकवायचा, यावर सगळं आहे. मागची सीट काढा. खाली चासीच्या दोन नळ्या दिसतील. पट्ट्याचा फास करून नळीभोवती अडकवा, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, टोकं बाहेर काढा आणि सीट परत बसवा. पट्टा वायरिंगवर दाबला जात नाही ना, आणि सीटचं लॉक खटकन लागतं ना, ते बघा. सीट निघत नसेल तर मागच्या फूटरेस्टचा ब्रॅकेट किंवा लोखंडी ग्रॅब रेल चालेल. इंडिकेटरचा दांडा, नंबर प्लेट, प्लास्टिकचं काहीही चालणार नाही. आणि स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, तर कधीच नाही, भले कुणी मेकॅनिक छातीठोकपणे सांगो. स्विंगआर्म चाकाबरोबर वरखाली होतो. खड्ड्यात चाक वर आलं की पट्टा ढिला, खाली गेलं की ताठ. दहा किलोमीटरमध्ये बॅग मोकळी.

बॅग सीटवर ठेवली की आधी पुढचे दोन पट्टे. ते बॅगेला पुढे ओढतात, म्हणजे तुमच्या कमरेकडे. मग मागचे दोन, तिरपे, मागच्या बाजूला ओढणारे. ब्रेक मारला की सामान पुढे येऊ बघतं, पिकअप घेतला की मागे. म्हणून दोन्हीकडे ओढ हवी. एकच पट्टा वरून आडवा टाकणारे हे विसरतात. आवळताना एक बाजू पूर्ण करून दुसरी करू नका, बॅग कलते. डावा थोडा, उजवा थोडा, पुन्हा डावा. आवळताना दुसऱ्या हाताच्या कोपरानं बॅग खाली दाबा, आतली हवा निघू द्या.

मग बॅग दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. बॅग हलली आणि गाडी स्थिर राहिली तर पुन्हा बांधा. बॅगेबरोबर गाडी हलली तर झालं.

उरलेली टोकं. अशाच एका लोंबत्या पट्ट्यानं मला भेरूघाटात बसवलं होतं, म्हणून मी यात वेडा आहे. टोक गुंडाळा, त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं चढवा. फुकट मिळतं आणि सरकत नाही. खांद्याचे पट्टे काढून बॅगेत टाका. बॅगेवरून जाणाऱ्या पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात भुणभुणतो आणि कडेनं झिजतो.

सॅडलबॅगांबद्दल थोडक्यात. डावीकडे साडी गार्ड असतो, तो काढून टाकला असेल तर परत लावा. बॅग चाकापासून लांब ठेवायला त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. उजवीकडे सायलेन्सर. तिथे सॅडल स्टे, म्हणजे बॅग लांब धरणारी लोखंडी चौकट, लावा आणि बॅग व सायलेन्सर यांच्यात चार बोटं जागा ठेवा. बॅग चढवल्यावर मागे जाऊन इंडिकेटर, ब्रेक लाईट आणि नंबर प्लेट दिसते का बघा.

निघण्याआधी

मागच्या टायरमध्ये डबल सीटची हवा भरा, मागचे शॉक एक-दोन खाच कडक करा, चेनचा ढिलेपणा वजनासकट तपासा. मागे वजन पडलं की हेडलाईट वर जातो, तो खाली घ्या, नाहीतर समोरचा ट्रकवाला शिव्या देईल आणि बरोबरच देईल.

वीस किलोमीटरनंतर थांबा. नवीन बांधलेलं सामान बसतं, पट्टे ढिले पडतात. हे दरवेळी होतं, माझं आजही होतं. राऊहून निघालो की मी मानपूरच्या अलीकडे चहाला थांबतो, घाट उतरायच्या आधी. चहा येईपर्यंत चारही पट्टे एकदा ओढून घेतो. रात्री मुक्कामाला फक्त बकल दाबून बॅग उचलायची. पट्टे चासीला तसेच राहू द्या. पावसातून आला असाल तर बकलांवर बाटलीतलं पाणी ओता, दातऱ्यात चिखल सुकला की सकाळी पट्टा घसरतो.