स्की बुटात टाच उचलत असेल तर

आधी लायनर, म्हणजे बुटाच्या आतला मऊ बूट, काढून रिकाम्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाय घाला. बोटं पुढे जेमतेम टेकवल्यावर टाचेमागे दीड ते दोन सेंटीमीटर जागा राहायला हवी. बरीच जास्त राहिली तर बूटच मोठा. पॅड चिकटवत बसू नका.

माप ठीक असेल तर नुसता लायनर चढवा, बाहेरून बोटाने घोट्याचं हाड चाचपा आणि पेनाने खूण करा. ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा फोम चंद्रकोरीसारखा कापून त्या खुणेच्या मागच्या-खालच्या बाजूला, लायनरवर बाहेरून चिकटवा. हाडावर मुळीच नको, ठणका लागतो.

गुलमर्गला भाड्याच्या ढगळ बुटात लोक दोन मोजे चढवतात. त्याने सुरकुत्या पडतात, पाय दाबला जाऊन उलट गारठतो. पातळ मोजा, एकच.