तक्ता फाडा, कान लावा

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्यात जनरल ग्रेडला मोर्स (ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी) लागतं, मिनिटाला ८ शब्द. घेताही यायला हवं, पाठवताही. खालच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, म्हणून आपल्या जळगाव-धुळ्याकडची पोरं आधी ते काढून ‘मोर्स नंतर बघू’ म्हणतात. ते नंतर काही उजाडत नाही. व्हीयू३, म्हणजे रिस्ट्रिक्टेडवाल्यांची कॉलसाइन, घ्या, जरूर घ्या, पण मोर्सचा सराव त्याच आठवड्यात सुरू करा.

आता नीट ऐका, सगळं घोडं इथेच अडतं. ठिपके-रेघांचा तक्ता पाठ करू नका. ८ च्या वेगाला एक डिट, म्हणजे ठिपका, १५० मिलिसेकंदांचा. डा, म्हणजे रेघ, तीन डिटची, आणि दोन अक्षरांमधली फटही तीन डिटची, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद. तेवढ्यात डोकं तक्ता उघडतं, ‘लांब-आखूड-लांब-आखूड, हां, सी’ असं शोधून काढतं. वाटतं, जमलं की! वेग १२ वर गेला की तीच फट ३०० मिलिसेकंदांवर येते आणि सी सापडेपर्यंत पुढची अक्षरं निघून गेलेली असतात. एच आणि ५ मध्ये तर फरक फक्त एका डिटचा, मोजत बसलात की संपलं. या भिंतीवर मी कित्येक महिने डोकं आपटलं. वेग कमी करून सराव वाढवला, तर मोजायची खोडच पक्की झाली.

उपाय उलटा आहे. अक्षर १८-२० च्या वेगाने ऐका, फटी मात्र लांब ठेवा. यालाच फार्न्सवर्थ म्हणतात. कोख पद्धतीने के आणि एम या दोनच अक्षरांपासून सुरुवात करा. दहातली नऊ बरोबर येऊ लागली की तिसरं घ्या. ‘डाडिडा’ कानावर पडलं की हाताने के लिहायचा, त्यात डा किती हे विचारायचंच नाही. सुटलं अक्षर सोडून द्या, मागे वळलात की पुढची तीन जातात. रोज पंधरा मिनिटं पुरतात. रविवारी तीन तास बसणाऱ्यांचं काही होत नाही.

भुसावळला अजून एखादे निवृत्त तारबाबू भेटतात. त्यांचा कान तारयंत्रातल्या साउंडरच्या कटकटीवर तयार झालेला, आपला शिटीवर, पण मला त्यातल्याच एका बाबांनी मार्गावर आणलं: ‘मोजू नको रे भाऊ, आयक.’ मोर्स आपोआप वाचून देणारं डीकोडर अ‍ॅप दाखवणाऱ्या गुरूंपासून चार हात लांब राहा.

बँडचं, म्हणजे कुठल्या लहरींवर बोलायचं त्याचं, फार डोक्याला लावून घेऊ नका. ४० मीटर, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, दिवसा पुणे-नागपूर देतो, रात्री लांबचं. २० मीटरवर दिवसा परदेश. मोर्सवाले बँडच्या खालच्या टोकाला भेटतात. ४० च्या डायपोलला, म्हणजे तारेच्या साध्या अँटेनाला, साधारण २० मीटर तार लागते, धाब्यावरून समोरच्या निंबापर्यंत सहज बसते. शेजारी स्वस्तातला एलईडी दिवा लागला की खरखर वाढते. आधी घरातले दिवे एकेक बंद करून चोर शोधा, मगच रेडिओला नावं ठेवा. मृगाच्या आधी ढग गडगडायला लागले की अँटेना काढून ठेवायची, यात हयगय नको.

परवाना हातात येईपर्यंत मोर्स ठोकायची कळ (की) फक्त सरावाच्या ऑसिलेटरला, म्हणजे नुसती शिटी वाजवणाऱ्या यंत्रालाच, जोडायची. आणि पहिल्या संपर्कात हात थरथरला तर बेलाशक क्यूआरएस, म्हणजे ‘हळू पाठवा’, असं पाठवा, समोरचा वेग उतरवतो. तोही कधीतरी के-एमवर अडकलेलाच असतो.