शेततळ्यात शिंपल्यांची पिल्लं कशी मिळवायची

मोत्यांसाठी शेततळ्यात शिंपले सोडले, ते जगलेही, पण पिल्लू एक दिसत नाही. पाणी बदलण्याआधी तळ्यात मासा आहे का ते बघा.

समुद्रातले बहुतेक शिंपले अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडून मोकळे होतात. अळ्या पोहत वाढतात. वाहत्या गोदावरीत अशी अळी टिकणार नाही. आपल्याकडच्या लॅमेलिडेन्स या गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची मादी पाण्याबरोबर शुक्राणू आत ओढते आणि कल्ल्यांतच अळ्या सांभाळते. ही ग्लोचिडियम अळी बाहेर पडल्यावर माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटली तरच पुढे वाढते, नाहीतर काही दिवसांत मरते.

नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. 8 ते 10 सेंटिमीटर लांबीचे तीस-चाळीस शिंपले घ्या आणि एकाच कोपऱ्यात जवळजवळ ठेवा. विखुरले तर शुक्राणू मादीपर्यंत पोचत नाहीत. जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथून शिंपले उचलायचे नाहीत.

जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला तपासणी करा. कवच जेमतेम अर्धा सेंटिमीटर उघडा. जास्त ताणलं तर कवच मिटणारा स्नायू फाटतो आणि शिंपला जातो. अळ्या भरलेला कल्ला फुगीर, जाड गादीसारखा दिसतो. ड्रॉपरनं त्यातला थेंबभर ऐवज काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरा: इवल्या दोन झडपांच्या, उघड्या तोंडाच्या अळ्या दिसतील. त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. झडपा पटापट मिटल्या तर अळ्या जिवंत आणि तयार आहेत. निम्म्याही मिटल्या नाहीत तर मादी परत पाण्यात सोडा आणि आठवड्यानं पुन्हा बघा.

तयार माद्या टबात ठेवा, एअर पंप चालू ठेवा. अळ्या सुटल्या की बोटभर लांबीची मत्स्यबीजं 15 ते 30 मिनिटं त्याच पाण्यात ठेवा. जास्त वेळ नको. कल्ले अळ्यांनी भरले तर मासा गुदमरतो. रोहू-कटल्यापासून सुरुवात करा, पण प्रत्येक जातीचा मासा अळी धरून ठेवत नाही. तीन-चार दिवसांनी दोन-तीन माशांचे कल्ले बघा. पांढरे बारीक ठिपके टिकले असतील तर जात योग्य. गळून गेले असतील तर दुसरी जात घ्या. एकदा अळ्या लागून गेलेल्या माशात प्रतिकारशक्ती येते, म्हणून दर खेपेला नवी बीजंच वापरा. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) मात्र तळ्यात नको, तो तळ उकरून पिल्लं खातो.

पाण्याच्या उबेनुसार साधारण एक ते तीन आठवड्यांत पिल्लं माशावरून गळून तळाला बसतात. प्लास्टिक कागदाचं तळं इथेच फसतं, कारण पिल्लाला पाय रोवायला गाळ लागतो. उथळ ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर चाळलेला नदीचा गाळ भरून माशांच्या टाकीत तळाशी ठेवा.

बोअरचं पाणी आधी हवा देऊन मगच सोडा, त्यात ऑक्सिजन कमी असतो. मोरचूद, युरिया आणि कापूस-सोयाबीनच्या फवारणीचा पंप धुतलेलं पाणी तळ्यापासून लांब ठेवा. मोठा शिंपला कवच मिटून काही वेळ काढतो, पिल्लं काढू शकत नाहीत.