आमच्या बियाण्यांची बातमी शेवटी कशी लागली

अकोले तालुक्यात आमचा बचतगट गावरान बियाण्यांचं प्रदर्शन भरवतो. प्रेसनोट दिली की छापून यायची पाहुण्यांच्या नावांची यादी. काळभात, वरई, नाचणीची वाणं आणि ती जपणाऱ्या बायका त्यात कुठेच नसायच्या. एका वर्तमानपत्रवाल्याने तर बातमीसोबत जाहिरात मागितली.

मग मी मुक्त पत्रकार शोधायला लागले. देशी वाणांवर, डोंगरी शेतीवर मराठीत कोण सातत्याने लिहितंय ते पाहिलं. पत्रकार पी. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर मराठीतही वाचायला मिळतं, लिहिणाऱ्याची ओळखही असते. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंकही त्याच नजरेने चाळले.

ज्यांचं लेखन मनापासून आवडलं त्यांनाच मेल केला, एकच मजकूर सगळ्यांना नाही. तुमचा कुठला लेख वाचून लिहितेय, आमच्याकडे काय बघायला मिळेल, आणि पेरणीआधी का यायला हवं, एवढंच. राख लावून मडक्यात भरलेल्या बियांचा फोटो जोडला. मुक्त पत्रकाराला आधी संपादकाला विषय पटवावा लागतो, म्हणून नेमकेपणा फार कामाला येतो. पैसे देऊ केले नाहीत, आणि छापण्याआधी दाखवा असंही म्हटलं नाही. ते त्यांचं स्वातंत्र्य आहे.

एक ताई आल्या, गटातल्या आजींच्या शेजारी बसून बी निवडत बोलल्या. काळभाताचा उतारा, म्हणजे उत्पादन, कमी पडतो हेही त्यांनी लिहिलं, आणि ते बरोबरच होतं. लेखानंतर बियाणं मागणारे फोन थेट आजींना यायला लागले.