नळाला पाणी कमी येतंय? मग लॉगबुक मागा

नळाला पाणी कमी येतं म्हणून तक्रार केली की "वरूनच कमी येतंय" हे उत्तर आम्ही दोन वर्षं ऐकलं. मग एकदा व्हॉल्व्हमनच बोलता बोलता म्हणाला की टाकीवर रजिस्टर म्हणजे लॉगबुक असतं, कधी किती भरली, कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, सगळं त्यात लिहावं लागतं. तेव्हा डोक्यात आलं की आपण भांडत बसलोय, पण कागद कधी मागितलाच नाही.

आधी जे फुकट दिसतंय ते बघून घ्या. मुंबईला सातही तलावांचा साठा महापालिका रोज जाहीर करते, राज्यातल्या धरणांचे आकडे जलसंपदा विभाग टाकतो, आणि गावाकडचे असाल तर जल जीवन मिशनच्या डॅशबोर्डवर आपलं गाव शोधा, किती घरांना नळ दिलाय ते दिसेल. तिथे १०० टक्के लिहिलंय आणि तुमच्या आळीत नळ कोरडा आहे, तर त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे लागतोच.

पण धरण भरलेलं असून नळ कोरडा का, हे डॅशबोर्ड सांगत नाही. त्यासाठी सोमवार. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्ह्यातल्या सरकारी ऑफिसांत आणि महापालिका, नगरपालिका, झेडपीत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागद बघायला द्यायचे आहेत. बऱ्याच जणांना हे माहीतच नाही, काउंटरवरच्या माणसालाही नसतं, म्हणून परिपत्रकाची प्रिंट जवळ ठेवा आणि शांतपणे दाखवा.

तिथे काय मागायचं? टाकीचं लॉगबुक, फ्लोमीटरचं (किती पाणी वाहिलं ते मोजणाऱ्या मीटरचं) रीडिंग, व्हॉल्व्हचं वेळापत्रक, टँकरच्या खेपांची नोंद आणि पाणी तपासणीचे रिपोर्ट. मग वहीवरच गणित मांडा. समजा २ लाख लिटरची टाकी दिवसात दोनदा भरते आणि तिच्यावर ५ हजार माणसं आहेत, तर माणशी ८० लिटर झाले. जल जीवनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटरचं आहे, म्हणजे कागदावर पाणी भरपूर. आता आपल्या घरात चार माणसांत किती बादल्या भरतात ते आठवडाभर मोजा. माणशी रोज ३० लिटरच निघाले तर पाणी टाकीपर्यंत येतंय आणि पुढे कुठेतरी जातंय, गळती असेल, चोरी असेल नाहीतर व्हॉल्व्ह लवकर बंद होत असेल, पण "वरून कमी" हे उत्तर तिथेच खोटं पडतं. आमच्याकडे नोंद दीड तासाची होती आणि पाणी यायचं चाळीस मिनिटं. रजिस्टर पुढे ठेवून विचारल्यावर पहिल्यांदा साहेबांनी खुर्ची दिली.

कागद दाखवत नसतील तर माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे "पाणी कमी का सोडता?" असं विचारणं. 'का' चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, त्यांच्याकडे असलेला कागद द्यायला आहेत. म्हणून असं लिहा: "अमुक टाकीच्या लॉगबुकची १ ते ३१ मार्चची प्रत द्यावी." टाकीचं नाव आणि तारखा टाकल्या की "माहिती व्यापक स्वरूपाची आहे" म्हणून अर्ज परत करायला जागा उरत नाही.

तपासणीच्या रिपोर्टमध्ये नळाला उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम आहे का आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे का ते बघा, आणि नमुना कुठून घेतला तेही बघा, कारण टाकीवरचा नमुना चांगला असला तरी शेवटच्या घराचं पाणी तसंच असेल असं नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसात पहिलं अपील करायचं, २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. अर्जाची पोच मात्र शिक्का मारूनच घ्या, ती नसली तर अपिलात तारीख दाखवता येत नाही.