व्हॅक्यूम येत नाही? जोड खोलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

पंप तासभर चालतोय, तरी दाब एकाच आकड्यावर अडकलाय. अशा वेळी सगळे जोड खोलत बसू नका. दोष पंपात आहे, गळतीत की चेंबरमधल्या, म्हणजे हवा काढायच्या बंद भांड्यातल्या, ओलाव्यात, हे ओळखायला एक गेज (दाबमापक), एक व्हॉल्व्ह आणि घड्याळ पुरतं.

सुरुवात पंपापासून. चेंबर सोडवून पंपाच्या तोंडावर थेट गेज बसवा. तेलावर चालणारा दोन टप्प्यांचा रोटरी पंप गरम झाल्यावर ०.०१ मिलिबारच्या (मिलिबार हे दाबाचं एकक) खाली जायलाच हवा. जात नसेल तर काचेतून तेल बघा. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. पंपाचं तोंड बंद ठेवून गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर काढणारी झडप) उघडा आणि अर्धा तास चालू द्या. तेल काळं पडलं असेल तर बदला.

पंप ठीक निघाला की चेंबर जोडा, दाब जमेल तितका खाली आणा, पंप आणि चेंबरमधला व्हॉल्व्ह बंद करा आणि दर मिनिटाला दाब लिहा. ही पायरी गाळली की पुढची सगळी मेहनत अंदाजावर चालते. दाब एकाच वेगाने वाढत राहिला तर बहुधा बाहेरची हवा आत येतेय. आधी झपाट्याने वाढून मग मंदावला, तर भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ सुटतेय. तिथे जोड आवळून उपयोग नाही, चेंबर गरम करून जास्त वेळ पंप चालवावा लागतो. गळतीचा आकडाही मिळतो: चेंबरचं आकारमान गुणिले दाबवाढ, भागिले सेकंद. १० लिटरच्या चेंबरमध्ये १० मिनिटांत ०.०६ मिलिबार वाढ म्हणजे सेकंदाला ०.००१ मिलिबार-लिटर. सेकंदाला १ लिटर खेचणारा पंप या गळतीपुढे ०.००१ मिलिबारखाली जाऊच शकत नाही.

आता जागा शोधा. पंप चालू ठेवून एकेका जोडावर ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडा आणि पिरानी गेजकडे (तापलेली तार किती थंड होते त्यावरून दाब सांगणारं गेज) बघा. काटा कोणत्याही बाजूला झटकन हलला की तो जोड दोषी: वाफ आत गेली तर आकडा चढतो, द्रवाने भेग बुजली तर उतरतो. खालच्या जोडापासून वर जा, नाहीतर ओघळ न तपासलेल्या जोडावर जातो. जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. अ‍ॅसिटोन वापरू नका, त्याने व्हायटन या रबराची ओ-रिंग (जोड हवाबंद करणारी गोल कडी) फुगते.

दोषी जोडात बहुतेक वेळा ओ-रिंगवर केस किंवा धागा सापडतो. फ्लँजच्या (जोडाच्या सपाट कडेच्या) ज्या भागावर ओ-रिंग बसते तिथे आडवा ओरखडा असेल तर नवी ओ-रिंगही गळेल. तो भाग घासून गुळगुळीतच करावा लागतो.

दाब वाढतोय, पण अल्कोहोलने काहीच हलत नाही? मग आतले स्क्रू तपासा. बंद भोकात बसवलेल्या स्क्रूखाली अडकलेली हवा आट्यांमधून तासन्‌तास झिरपते. तिथे मधून आरपार भोक असलेले स्क्रू बसवा आणि दाबवाढीची चाचणी पुन्हा घ्या.